रोखलेल्या तारेचा आवाज

मेटल वाजवायचं मनात धरून इलेक्ट्रिक गिटार घेतली की पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास घडते. ॲम्प सुरू होतो, डिस्टॉर्शनचं बटण दाबलं जातं आणि एकही सूर छेडण्याआधीच गिटार बोलायला लागते. बोट तारेवरून सरकलं की खरखर, मनगट हललं की गुरगुर, आणि हात बाजूला घेतला तरी मागे एक अखंड घूं. साध्या गिटारवर शिकणाऱ्याची सगळी मेहनत तारेतून आवाज काढण्यात जाते. मेटल शिकणाऱ्याला आवाज फुकट मिळतो. त्याची मेहनत तो थांबवण्यात जाते.

बाहेरून ऐकणाऱ्याला हे संगीत म्हणजे मोकाट सुटलेला गोंगाट वाटतो. प्रत्यक्षात चांगल्या मेटल वादकाच्या हातांकडे पाहिलं तर कोणत्याही क्षणी सहापैकी एक-दोन तारा वाजत असतात आणि उरलेल्या चार-पाच तारा त्याने बोटांनी, तळहाताने मुद्दाम गप्प केलेल्या असतात. दोन आघातांमधली शांतता स्वच्छ असते म्हणूनच पुढचा आघात जड वाटतो. नवशिक्याला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी हीच सांगेन: या वाद्याचा खरा अभ्यास थांबवण्याचा आहे. गिटार कोणती घ्यावी, रोज काय वाजवावं, ॲम्पची बटणं कुठे ठेवावीत, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

बर्मिंगहॅममधली दोन बोटं

या संगीताचा उगम शोधत गेलं तर आपण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात पोचतो. 1965 साली तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्रे कापण्या-दाबण्याच्या कारखान्यात कामाला होता. संगीतासाठी त्याने नोकरी सोडायचं ठरवलं होतं आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका या दोन बोटांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे त्याचा उजवा हात तारा दाबणारा. गिटार संपली असंच त्याला वाटलं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आगीत हात भाजल्यावर सुरांसाठी मुख्यतः दोनच बोटं वापरून जाझ गिटारमध्ये अजोड ठरलेला हा वादक. ती ऐकून आयोमी पुन्हा उभा राहिला.

त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या घडवल्या आणि त्यांना चामड्याचं आवरण चढवलं. त्या टोप्यांना तारेचा स्पर्श कळत नव्हता, त्यामुळे जाड तारा दाबणं आणि वाकवणं कठीण झालं. मग त्याने बँजोच्या बारीक तारा वापरून पाहिल्या. पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममध्ये त्याने काही गाण्यांसाठी सगळ्या तारा दीड स्वर, म्हणजे तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तारा सैल झाल्या, दाबायला सोप्या झाल्या आणि आवाज असा खोल गेला की पुढची पन्नास वर्षं जगभरचे वादक तारा उतरवतच राहिले. अनेक बोटांचे गुंतागुंतीचे कॉर्ड जड जात असल्याने त्याने दोन सुरांच्या कॉर्डवर भर दिला. तोच कॉर्ड या संगीताचा पाया झाला.

आयोमीच्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी आला. 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅममध्येच, ॲस्टन भागातल्या व्हिला पार्क मैदानावर, या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा 77 वर्षांचे आयोमी तिथे वाजवत होते. ज्यांना आपली बोटं आखूड वाटतात, हात लहान वाटतो, वय निघून गेलं असं वाटतं, त्यांनी ही हकिकत नीट वाचावी. मेटलचा आवाज एका अडलेल्या हाताने रोजच्या खटपटीतून शोधलेला आहे.

गिटार घेताना

दुकानात भिंतभर गिटारी लटकलेल्या असतात आणि नवशिक्याची नजर टोकदार, काळ्या, लाल आकारांवर जाते. आकार आवडता असावाच, कारण आवडती गिटारच रोज हातात घेतली जाते. पण आधी तारांखालचे पिकअप पाहा. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज उमटते. मायकल फॅरेडेने एकोणिसाव्या शतकात सांगितलेलं हे तत्त्व आपण दहावीच्या आसपास शिकतो. इथे ते कानाने ऐकू येतं.

एकाच गुंडाळीचा पिकअप तारेबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. आपल्याकडे ती 50 हर्ट्‌झची. डिस्टॉर्शन लावलं की तीच गुणगुण असह्य होते. 1955 मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून त्यांतली गुणगुण एकमेकांना खोडून काढेल अशी रचना केली. तिला हमबकर म्हणतात. मेटलसाठी ब्रिजजवळ हमबकर असलेली गिटार घ्यावी, हा सल्ला यातूनच आला आहे.

दुसरी गोष्ट ब्रिजची. तारा जिथे अडकवलेल्या असतात तो भाग पक्का, न हलणारा असावा. दांडी दाबून सूर खाली-वर करणारा, तारा दोन्हीकडे कुलूपबंद करणारा फ्लॉइड रोज ब्रिज दिसायला मोहक असतो. पण त्यात एक तार बदलली की बाकीच्या पाच सुरातून सरकतात आणि ट्यूनिंग बदलायचं तर अर्धा दिवस जातो. पहिल्या वर्षी हा वेळ वाजवण्यात जायला हवा. तारांच्या जाडीचे 9 ते 42 किंवा 10 ते 46 हे नेहमीचे संच सुरुवातीला पुरतात. आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. तारा खूप खाली उतरवायच्या असतील तर जाड संच लावावा, नाहीतर तार ढिली पडून सूर डगमगतो.

नवी साधी गिटार साधारण दहा ते पंचवीस हजार रुपयांच्या पट्ट्यात मिळते, आणि चांगल्या अवस्थेतली जुनी घेण्यात काहीही कमीपणा नाही. खरेदीनंतर थोडे पैसे सेटअपसाठी मात्र राखून ठेवावेत. तारांची उंची कमी करणं, मानेतला लोखंडी गज फिरवून मान सरळ करणं, बाराव्या फ्रेटवरचा, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवरचा, सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येतो का ते जुळवणं, हे काम जाणकार कारागीर करतो. वाईट सेटअपच्या गिटारवर शिकणाऱ्याची बोटं विनाकारण सोलवटतात आणि तो स्वतःलाच दोष देत बसतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान किंचित हलते, तारांवर गंज चढतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे विजेच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग नीट नसेल तर ॲम्पमधून घूं असा आवाज येतो आणि क्वचित ओठाला किंवा बोटाला झिणझिणीही जाणवते. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा करणं हा त्यावरचा उपाय नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

उजव्या हाताची शाळा

गिटार शिकणाऱ्यांचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे असतं, कारण सूर तिथे बदलतात. मेटल घडतं ते उजव्या हातात. एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड पिक अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरायचं, त्याचं जेमतेम टोक बाहेर ठेवायचं. मग तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजच्या लगत, तार जिथून सुटते तिथेच, हलकी टेकवायची आणि सर्वांत जाड तार छेडायची. लांब घुमणाऱ्या सुराऐवजी एक आखूड, घट्ट ठोका येतो. हा पाम म्यूट. हात थोडा पुढे गेला तर सूर मरून नुसता ठक् आवाज उरतो, थोडा मागे गेला तर तार मोकळी सुटते. बरोबर जागा काही मिलिमीटरांची असते आणि ती सांगून कळत नाही. कान आणि हात मिळूनच ती शोधतात.

डाव्या हातालाही हेच काम आहे. तर्जनीचं टोक सूर दाबत असताना शेजारच्या जाड तारेला हलकं चिकटलेलं हवं आणि तर्जनीची खालची बाजू बारीक तारांवर सपाट पडलेली हवी, म्हणजे त्या चुकून वाजत नाहीत. हे जमलं का, ते पाहण्याची सोपी परीक्षा आहे: एक सूर वाजवा, थांबवा आणि ॲम्प ऐका. शांतता आली तर जमलं.

यानंतर लय. मोबाइलवर मेट्रोनोम मिळतो. त्यात मिनिटाला 60 ठोके लावावेत. ठोक्याला एक आघात, मग तोच ठोका ठेवून दुगुन, तिगुन, चौगुन. तबला किंवा गाणं शिकलेल्या घरातल्या मुलांना हा रस्ता ओळखीचाच आहे. सगळे आघात आधी वरून खाली मारावेत आणि प्रत्येक आघात सारख्या वजनाचा येतो का ते ऐकावं. त्यानंतर एक खाली, एक वर. मग एक लांब आणि दोन आखूड आघातांची दौड, जिच्यावर आयर्न मेडन या बँडची कितीतरी गाणी धावतात. तीन-चार दिवस चुकाविरहित गेले की चार-पाच ठोके वाढवावेत. मेटॅलिका या बँडच्या 1986 च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्यात जेम्स हेटफील्ड मिनिटाला दोनशेहून जास्त ठोक्यांवर, दुगुनीत, बराचसा भाग नुसत्या खालच्या आघातांनी वाजवतो. तिथे पोचायला वर्षं लागतात. पण 80 ठोक्यांवर स्वच्छ वाजलेली साधी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, आजही ऐकणाऱ्याच्या छातीत उतरते, आणि घाईने 160 वर वाजलेली तीच रिफ चिखल होते.

बोटांची टोकं दुखतात, दोन-तीन आठवड्यांत तिथे घट्टे पडतात आणि तो त्रास संपतो. मनगटातली किंवा कोपरातली कळ वेगळी. ती आली की थांबावं, हात सैल करावा, बसण्याची पद्धत तपासावी. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास जास्त फळतो, कारण मेंदू झोपेतही शिकलेलं पक्कं करत असतो.

सा, प आणि कोमल रे

आयोमीच्या हाताला सोपा पडलेला तो दोन सुरांचा कॉर्ड म्हणजे पॉवर कॉर्ड. सहाव्या तारेवर तर्जनी, पाचव्या तारेवर दोन फ्रेट पुढे अनामिका. आपल्या भाषेत हा निव्वळ षड्ज-पंचम आहे, तानपुऱ्यात रोज ऐकू येणारा. गंधार त्यातून वगळलेला असतो आणि त्याला पक्कं कारण आहे.

डिस्टॉर्शन म्हणजे विजेच्या लहरीची शिखरं कापून टाकणं. लहर कापली की मूळ सुरांशिवाय त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येतात. गिटारची जाड मोकळी तार सेकंदाला साधारण 82 कंपनं देते आणि तिचा पंचम साधारण 123. त्यांची वजाबाकी 41, म्हणजे त्याच षड्जाचा आणखी एक सप्तक खालचा सूर, बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा. कुणी न छेडलेला हा सूर डिस्टॉर्शन स्वतः निर्माण करतं आणि कॉर्ड जमिनीतून आल्यासारखा वाटतो. गंधार मिसळला की ही बेरीज-वजाबाकी विस्कटते. त्यातून गिटारचे फ्रेट हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे समान वाटणीचे, त्यामुळे गंधार नैसर्गिक जागेपेक्षा चढा असतो. साध्या आवाजात तो खपून जातो, डिस्टॉर्शनमध्ये खरखरतो. पंचम जवळपास जागेवर असतो, म्हणून तो टिकतो.

आता या षड्जावर काय बांधायचं? ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बममधलं बँडच्याच नावाचं गाणं तीन सुरांवर उभं आहे: सा, तार सा आणि तीव्र म. एवढ्या कमी सामग्रीत एवढी भीती कशी भरते, हे गिटार हातात घेऊन स्वतः वाजवल्यावर कळतं. तीव्र मध्यम षड्जाला विसावू देत नाही. मेटलचा दुसरा लाडका सूर कोमल रिषभ. जाड तार मोकळी छेडून सा धरायचा आणि पहिल्या फ्रेटवर कोमल रे लावून परत सावर यायचं. थ्रॅश आणि डेथ मेटलच्या असंख्य रिफ या एका हालचालीतून जन्मल्या आहेत. पाश्चात्त्य वादक ज्याला फ्रिजियन म्हणतात ती स्वररचना म्हणजे आपला भैरवी थाट, आणि साधा मायनर म्हणजे आसावरी थाट. पेटीवर किंवा गळ्यात ज्यांचे हे थाट तयार आहेत, त्यांनी गिटारवर ते शोधून पाहावेत. घरातला जुना अभ्यास इथे थेट कामाला येतो.

भिंतीपलीकडचे लोक

घरी शिकायला मोठा ॲम्प लागत नाही. दहा-वीस वॉटचा, हेडफोन लावता येईल असा ॲम्प पुरतो. नाहीतर छोटं ऑडिओ इंटरफेस घेऊन संगणकावर ॲम्पचा आवाज घडवणारी सॉफ्टवेअर वापरता येतात. दोन खोल्यांच्या घरात, बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या भावंडाच्या शेजारी, रात्री अकरा वाजता रियाज करायचा तर हेडफोनला पर्याय नाही. त्यातही आवाज बेताचाच ठेवावा, आणि बँडबरोबर वाजवताना कानात प्लग घालावेत. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

ॲम्पवर गेन नावाचं बटण असतं, डिस्टॉर्शन किती हवं ते ठरवणारं. नवशिके ते पूर्ण फिरवतात. जास्त गेन लहान-मोठ्या आवाजातला फरक पुसून टाकतो. त्यामुळे बोटाचं नकळत सरकणंसुद्धा मुख्य सुराइतकंच मोठं होतं आणि प्रत्येक आघाताची धार बोथट होते. गेन निम्म्यावर आणावा. दर दिवशीचा काही वेळ तर डिस्टॉर्शन बंद करून वाजवावं, तेव्हा आघातांतला कमी-जास्तपणा उघडा पडतो. मधल्या स्वरपट्टीचं, मिड्‌सचं बटण शून्यावर नेलं की घरी आवाज भारदस्त वाटतो. पण बँडमध्ये खालची जागा बासने आणि बास ड्रमने घेतलेली असते, वरची झांजांनी. गिटारचं घर मधेच आहे. तेच रिकामं केलं तर ती ऐकूच येत नाही.

धोबी तलाव ते वाकेन

मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात या सगळ्याचा इतिहास पायी फिरता येतो. गोव्याहून आलेल्या वादकांची कुडं, म्हणजे एकत्र राहण्याच्या जागा, इथेच होती आणि 1865 साली सुरू झालेलं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकानही इथलंच. तिथून चालत थोड्या अंतरावर, झेवियर्स कॉलेजच्या मागे, रंगभवन हे खुलं नाट्यगृह. 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि या शहरातल्या अनेक पिढ्यांनी पहिल्यांदा मोठ्या आवाजातली गिटार रंगभवनच्या पायऱ्यांवर बसून ऐकली. जवळची रुग्णालयं आणि महाविद्यालय यांमुळे हा भाग शांतता क्षेत्रात आला आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत तिथले असे कार्यक्रम बंद झाले. रुग्णांना शांतता हवीच; पण त्या तोडीची दुसरी परवडणारी खुली जागा या शहराने तरुण वादकांना दिली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही संगीत थांबलं नाही. 2000 साली साहिल मखिजा यांनी मुंबईत डिमॉनिक रिझरेक्शन हा बँड सुरू केला. 2003 मध्ये भयानक मौत हा बँड उभा राहिला. आयर्न मेडनने 2007 मध्ये बंगळुरूत वाजवलं आणि 1 फेब्रुवारी 2008 रोजी आपल्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईतून केली. मेटॅलिका ऑक्टोबर 2011 मध्ये बंगळुरूला आली. डिमॉनिक रिझरेक्शनने 2014 मध्ये जर्मनीतल्या वाकेन या खेड्यात भरणाऱ्या जगप्रसिद्ध मेटल महोत्सवात वाजवलं, आणि 2017 मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, ज्यात मत्स्य, कूर्म, वराह अशी अवतारांवरची गाणी आहेत. आपल्या मातीतल्या कथा या आवाजात मावतात, हे त्यांनी दाखवून दिलं. मराठीतली ट, ठ, ड, ळ ही व्यंजनं या संगीताच्या आघातांवर उत्तम बसतील. ते काम आज शिकायला बसणाऱ्या कुणाची तरी वाट पाहत आहे.

त्यासाठी खोलीबाहेर पडावं लागेल. एकट्याने मेट्रोनोमवर वाजवणं आणि समोर ड्रम वाजत असताना वाजवणं यांत मोठं अंतर आहे. ड्रमवाला थांबतो तिथेच सगळ्या तारा थांबल्या पाहिजेत. अर्धा क्षण उशीर झाला तरी ऐकणाऱ्याला कळतो. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये हे शिकता येतं. सहा महिने झाले, चार रिफ आल्या की मित्रमैत्रिणी जमवून जावं, अजून तयारी नाही असं वाटत असलं तरी.

पहिल्या वर्षाचं ध्येय मी असं ठेवेन: मध्यम लयीचं एक गाणं, पहिल्या आघातापासून शेवटच्या आघातापर्यंत, दुसऱ्या माणसाबरोबर, मधे न अडता. त्यात सोलो नसला तरी चालेल. एवढं ज्याने केलं तो मेटल वाजवतो, त्याला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. आणि आईवडिलांना माझी विनंती आहे की मुलाच्या खोलीतून तीच एक रिफ महिनाभर हळू लयीत ऐकू येत असेल तर दार वाजवू नका. शिकणं तसंच असतं, आणि ते नीट चाललं आहे.